विचार मराठीत, निबंध इंग्रजीत: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या मोबाइलवर एक मजकूर वारंवार येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा तोच राहतो. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इंग्रजीत दुसऱ्याला पटवून देणारा निबंध लिहिता येत नाही, कारण तो मराठीतून विचार करतो, असे त्यात म्हटलेले असते. म्हणून त्याने आधी मराठीतून विचार करणे थांबवावे. आपली माणसे मुळातच आडवळणाने बोलणारी असल्यामुळे सरळ युक्तिवाद त्यांच्या वळणातच नाही. भारदस्त शब्द नसतील तर परीक्षकावर छाप पडत नाही, व्याकरणाची एक चूक दिसली तरी वाचकाचा विश्वास उडतो, आणि हे सारे ज्याला साधणार नाही त्याने उत्तम निबंधांचा साचा पाठ करून परीक्षेला बसावे, असा त्याचा शेवट असतो.

मी जळगाव जिल्ह्यात पदवीच्या वर्गांना इंग्रजी लेखन शिकवतो. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्यांतून आलेली मुले माझ्यासमोर बसतात. हा मजकूर वाचून ती काय करतात, ते मी जवळून पाहतो. काही जण शब्दांच्या याद्या पाठ करू लागतात, काही जण साचे गोळा करतात, आणि ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते अशी काही मुले लिहिणेच सोडून देतात. या शेवटच्या मुलांसाठी मला हा प्रतिवाद लिहावासा वाटला. इंग्रजी सोपी आहे, असे मला म्हणायचे नाही. अडचणी खऱ्या आहेत, पण त्या मजकूर सांगतो तेथे नाहीत. त्यामुळे मुलांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होते.

पहिली गोष्ट ही की, घरच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत निबंध लिहिण्याचा प्रसंग खानदेशातल्या मुलावर इंग्रजीमुळे पहिल्यांदा येतो, हे गृहीतकच चुकीचे आहे. आमच्याकडे घरोघरी अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलच्या पट्ट्यात लेवा गणबोली बोलली जाते, सातपुड्याच्या पायथ्याला आणि डोंगरात पावरी व भिली बोलल्या जातात. घरी 'शे' म्हणणारे मूल शाळेच्या वहीत 'आहे' लिहायला शिकते आणि दहावीपर्यंत प्रमाण मराठीत पानभर वैचारिक निबंध लिहू लागते. घरच्या बोलीतला अनुभव औपचारिक भाषेच्या नियमांत बसवून अनोळखी परीक्षकापुढे मांडण्याचे कौशल्य त्याने एकदा मिळवलेले असते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून ते आपल्याजवळ आहे याची त्याला कल्पना नसते. दुसऱ्यांदा तेच करायचे आहे, हे कळले की मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिला आहे. इंग्रजीचे अंतर अधिक आहे हे मान्य, पण वाट अगदीच अनोळखी नाही.

आता विचार कोणत्या भाषेतून करावा, या मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीतून विचार करा, हा सल्ला इतक्यांदा दिला जातो की तो तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी मात्र तो तपासला आहे. फ्रीडलँडर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या चिनी भाषक विद्यार्थ्यांकडून निबंधाचे आराखडे करून घेतले होते. ज्या विषयाचे ज्ञान चिनी भाषेतून मिळाले होते त्याचा आराखडा चिनी भाषेत केल्यावर विद्यार्थ्यांचे आराखडे आणि इंग्रजी निबंध दोन्ही अधिक चांगले उतरले. कोबायाशी आणि रिनर्ट यांनी 1992 मध्ये जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एक निबंध थेट इंग्रजीत लिहून घेतला आणि दुसरा आधी जपानीत लिहून मग इंग्रजीत उतरवून घेतला. जपानीतून आलेले निबंध आशय आणि मांडणी यांत सरस ठरले, आणि ज्यांचे इंग्रजी कच्चे होते त्यांना याचा लाभ अधिक झाला. ज्यांचे इंग्रजी बरे होते त्यांच्या भाषांतरित निबंधांत मात्र भाषेच्या चुका वाढल्या.

या दोन निष्कर्षांचा अर्थ मी असा लावतो. ज्ञान ज्या भाषेत साठलेले असते त्या भाषेत ते लवकर आणि सविस्तर आठवते. केळीच्या बागेवर थंडीचा काय परिणाम होतो, हे मुलाने बापाबरोबर बांधावर उभे राहून, बापाच्या बोलीत ऐकलेले असते. त्यावर इंग्रजीतून विचार करण्याचा आग्रह धरला तर त्याला त्यातले फक्त तेवढेच आठवते, जेवढ्याला त्याच्याजवळ इंग्रजी शब्द आहेत. म्हणजे विचार इंग्रजीच्या मापाचा होत नाही, शब्दसंग्रहाच्या मापाचा होतो. अशा निबंधात शेतकरी हा देशाचा कणा असल्याचे एक वाक्य येते, मेहनती असल्याचे दुसरे येते आणि पुढे लेखणी थांबते. माणसाजवळ मुद्दे नव्हते असे नाही, ते ज्या खोलीत ठेवलेले होते तिचे दार आपणच बंद करून घेतलेले असते.

अंमळनेरला 1916 मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य हे 1930 च्या दशकात काही काळ तेथे संचालक होते. परक्या कल्पना आपल्या संकल्पनांमध्ये उतरवून पारखल्याशिवाय त्या स्वीकारूही नयेत आणि नाकारूही नयेत, असे विचारांतील स्वराज्याविषयीच्या त्यांच्या व्याख्यानाचे सांगणे होते. ते व्याख्यान इंग्रजीत होते. आपल्या संकल्पनांतून विचार करा, हे उत्तम इंग्रजीत मांडणारा माणूस आमच्याच तालुक्याच्या गावी राहून गेला, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो.

मात्र मजकुरात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. विचार मराठीत करणे वेगळे आणि वाक्य मराठीत रचून ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराने निबंध खरोखरच बिघडतो, आणि त्याचे कारण दोन भाषांच्या वाक्यरचनेत आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, 'ज्या-त्या'ची उपवाक्ये बहुधा आधी येतात, आणि कारणे सांगून झाल्यावर मुख्य विधान येते. 'विम्यासाठी तापमान नोंदणारे संदर्भ हवामान केंद्र शेतापासून दूर असल्यामुळे आणि तेथे थंडी कमी नोंदली गेल्यामुळे, ज्यांच्या बागांचे खरोखर नुकसान झाले त्या शेतकऱ्यांना भरपाई मिळत नाही' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्यात 'मिळत नाही' यातला नकारसुद्धा अगदी शेवटी कळतो आणि मराठी वाचक तोपर्यंत सहज थांबतो, कारण त्याच्या कानाला तीच सवय आहे. इंग्रजी वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर हवे असते. शेतकऱ्यांना भरपाई मिळत नाही, हे आधी सांगून मग 'बिकॉज' म्हणत कारणांकडे गेले, तर त्याला वाक्य सुलभ वाटते. म्हणून मी मुलांना मुद्दे मराठीत किंवा अहिराणीतही मांडायला सांगतो, पण ते पूर्ण वाक्यांत लिहू देत नाही. कागदावर शब्द, बाण आणि आकडे एवढेच असावेत. वाक्य पहिल्यांदा जन्माला येईल ते इंग्रजीतच यावे. एवढे पथ्य पाळले की मराठीतून विचार केल्याने होणारे नुकसान जवळजवळ उरत नाही आणि लाभ मात्र सगळा पदरात पडतो.

आपली माणसे आडवळणाने बोलतात, या दाव्यामागे एक जुना लेख उभा आहे, जरी मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना तो ठाऊक नसला तरी. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने 1966 मध्ये निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी परिच्छेद पाहून विचारपद्धतींच्या आकृत्या काढल्या होत्या. इंग्रजीसाठी एक सरळ खाली येणारी रेघ होती आणि पौर्वात्यांसाठी आत आत वळत जाणारे वर्तुळ होते. ती आकृती फार लोकप्रिय झाली. पण परक्या भाषेत लिहिताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याचा परिच्छेद पाहून त्याच्या संस्कृतीची विचारपद्धती ठरवणे कितपत योग्य आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि पुढे कॅप्लन यांनी स्वतःही आपली मूळ मांडणी फार ठाम झाल्याचे मान्य केले.

शिवाय आपल्या परंपरेतला युक्तिवाद तपासला तर तो वर्तुळाकार मुळीच नाही. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या आपल्या प्राचीन दर्शनाने, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असा त्यांचा क्रम आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, तसाच धूर या पर्वतावर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे. यात सिद्ध करायचे विधान सर्वांत आधी येते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. इंग्रजी निबंधात पहिल्या परिच्छेदात भूमिका सांगावी, असा जो नियम परका म्हणून शिकवला जातो, तो प्रतिज्ञेहून वेगळा नाही. स्टीफन टुलमिन यांनी 1958 मध्ये युक्तिवादाचे विश्लेषण करताना विधान, त्याचा आधार आणि आधारापासून विधानापर्यंत नेणारा दुवा, असे भाग पाडले. इंग्रजी लेखनाच्या वर्गांत आज ते सर्वत्र शिकवले जातात. त्यातला दुवा समजायला मुलांना सर्वांत अवघड जातो, पण 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे धूर आणि अग्नी यांचा कायमचा संबंध, हाच तो दुवा, असे सांगितले की वर्गात पुढे जाता येते. विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीने मांडावे आणि मग त्याचे खंडन करावे, ही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाची रीत तर आपल्या शास्त्रग्रंथांचा कणाच आहे.

प्रश्न उरतो तो असा की, एवढा वारसा असताना मुलांचे निबंध भरकटतात का? माझे उत्तर असे आहे की, शाळेत त्यांच्याकडून जे लिहून घेतले जाते त्यात पटवून देण्याला फारसे स्थान नसते. फळ्याचे आत्मवृत्त, शेतकऱ्याचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर, पावसाळ्यातील एक दिवस, अशा विषयांवर वर्षानुवर्षे निबंध होतात. त्यातून वर्णन आणि भावना यांचा चांगला सराव होतो, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. वैचारिक निबंध असला तरी तो सुभाषिताने सुरू होतो, मध्ये संतवचन येते आणि शेवटी आवाहन येते. सुभाषित किंवा म्हण आपल्याकडे पुरावा म्हणून चालते, कारण ऐकणाऱ्यालाही ती मान्य असते. इंग्रजी निबंधाच्या वाचकाला ती मान्य आहे असे धरून चालता येत नाही. 'सर्वांना माहीतच आहे की' अशी सुरुवात केली की मराठी वाचक मान डोलावतो, तर इंग्रजी निबंध तपासणारा समासात पुरावा मागतो. हा फरक खरा आहे, पण तो रक्तातला नाही, शालेय सरावातला आहे, आणि सराव बदलता येतो.

महात्मा फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन मी यासाठी मुलांसमोर ठेवतो. ते इंग्रजीत आहे. आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे आणि भोवतालच्या खेड्यांपुरता आहे, हे ते आरंभीच सांगतात. आपल्या माहितीची सीमा स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर वाचकाचा विश्वास बसतो, ही पटवून देण्याच्या कलेतली फार मोलाची गोष्ट आहे आणि तिला भारदस्त शब्द लागत नाहीत. पुढे ते सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, याकडे लक्ष वेधतात आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे दाखवतात. जो पैसा देतो त्याच्या मुलांना त्याचा लाभ मिळाला पाहिजे, हा दुवा इतका न्याय्य आहे की ब्रिटिश अधिकाऱ्यालाही तो नाकारणे कठीण जावे. मग ते बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी निश्चित मागणी करतात. विधान, आधार, दुवा आणि मागणी हे सारे त्यात आहे, आणि ते मराठी बोलणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या माणसाने लिहिलेले आहे.

माझ्या वर्गातले एक उदाहरण सविस्तर देतो, कारण अडचण नेमकी कोठे असते ते त्यात दिसते. सरकारी योजनांनी माणसाच्या निर्णयापेक्षा तंत्रज्ञानावर अवलंबून राहावे का, असा विषय मी दिला होता. रावेर तालुक्यातील एका मुलाने पहिल्या खेपेला शेतकरी हा देशाचा 'बॅकबोन' असल्याचे लिहिले, सरकार त्याला फसवते असे लिहिले, आणि आपण सर्वांनी जागे झाले पाहिजे असे म्हणून शेवट केला. इंग्रजी फारसे चुकले नव्हते. तरीही ते वाचून कोणाचेही मत बदलले नसते. मी त्याला जवळ बसवून, तुला हे का वाटते, असे मराठीत विचारले. तेव्हा तो जे बोलला ते असे होते. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. कमी किंवा जास्त तापमानाची भरपाई देताना शेत पाहिले जात नाही, महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राची नोंद पाहिली जाते. त्यांचे शेत नाल्याकाठी खोलगटात आहे. हिवाळ्याच्या रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून खाली येऊन तेथे साचते, त्यामुळे केंद्राच्या जागेपेक्षा त्यांच्या बागेत थंडी अधिक पडते. केंद्रावरचा आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरत नाही, आणि बाग पिवळी पडूनही भरपाई मिळत नाही.

हे सारे त्याच्या निबंधात का आले नाही, असे मी विचारले. त्याने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. हे इंग्रजीत लिहिण्यासारखे असते, असे त्याला वाटले नव्हते.

यातच मजकुराने केलेले सगळे नुकसान आहे. इंग्रजी निबंधात मोठ्या, जागतिक, गुळगुळीत गोष्टी लिहायच्या असतात आणि नाल्याकाठची बाग तेथे शोभत नाही, अशी त्याची समजूत झाली होती. वस्तुतः परीक्षकाने देशाचा कणा हे शब्द शेकडो वेळा वाचलेले असतात, पण थंड हवा खोलगटात साचते म्हणून एका केंद्राचा आकडा सगळ्या मंडळाला लागू होत नाही, हा युक्तिवाद त्याने क्वचितच वाचलेला असतो. दुसऱ्या खेपेला आम्ही विरोधी बाजूही नीट मांडली. शेतोशेती पंचनामे करायचे तर वेळ आणि खर्च फार लागतो, पंचनामा करणाऱ्याच्या मर्जीला वाव राहतो, म्हणून आकड्यावर चालणारा विमा आणला गेला, हे म्हणणे रास्त आहे आणि ते रास्त असल्याचे निबंधात कबूल करावे, असे मी सुचवले. मुलगा आधी तयार नव्हता. विरोधकाचे मान्य केले तर आपली बाजू पडते, असे त्याचे मत होते. शेवटी त्याची भूमिका बदलली आणि अधिक नेमकी झाली: तंत्रज्ञान वापरावे, पण केंद्रांची संख्या आणि जागा भूप्रदेशाच्या उंचसखलपणाप्रमाणे ठरवाव्यात, आणि आकड्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. सरकार फसवते, या वाक्यापेक्षा हे म्हणणे खोडून काढायला पुष्कळ अवघड आहे.

विरोधकाला जागा देण्याविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले, पण रद्द झालेले भाषण त्यांनी 1936 मध्ये स्वखर्चाने इंग्रजीत छापले. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी त्यावर केलेली टीका त्यांनी पुस्तकातच समाविष्ट केली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकाच्या हाती देऊन मग उत्तर देण्याइतका आत्मविश्वास युक्तिवादाच्या बळातून येतो.

भारदस्त शब्दांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. डॅनियल ओपनहायमर यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच मजकुरातले सोपे शब्द काढून विनाकारण अवघड शब्द घातले असता वाचकांनी लेखकाला अधिक नव्हे, तर कमी बुद्धिमान ठरवले. आपल्याकडेही संस्कृतप्रचुर शब्दांनी लादलेले भाषण ऐकताना गावातली जाणती माणसे काय म्हणतात, ते आपण ऐकलेले आहे. आयईएलटीएसच्या निकषांत शब्दसंपदेला चौथा हिस्सा आहे, हे खरे आहे. पण तेथे शब्द नेमका आहे का आणि त्याच्या शेजारच्या शब्दांशी तो जुळतो का, हेही पाहिले जाते. 'मेक अ डिसिजन' म्हणतात, 'डू अ डिसिजन' म्हणत नाहीत, अशा जोड्या यादीतून येत नाहीत, वाचनातून येतात. पाठ केलेला दुर्मीळ शब्द बहुधा चुकीच्या शेजारी बसतो आणि लगेच उघडा पडतो. खोलगट शेतात थंड हवा साचते, हे सांगायला 'कोल्ड', 'एअर', 'लो' आणि 'सेटल्स' एवढे शब्द पुरले.

व्याकरणाच्या एका चुकीने विश्वास उडतो, हे विधान त्याच परीक्षेच्या जाहीर निकषांवरून खोटे ठरते. आठव्या बँडसाठी, म्हणजे नऊपैकी आठव्या श्रेणीसाठीसुद्धा, बहुतांश वाक्ये निर्दोष असावीत एवढीच अपेक्षा आहे, सगळी नव्हे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे 'ए' आणि 'द' यांच्या चुका आपल्याकडून दीर्घकाळ होत राहतात. दीर्घ अभ्यासानंतर माझ्याकडूनही कधी होतात. पण अशी चूक एका शब्दापुरती राहते आणि अर्थ कळतो. ज्या चुकीने वाक्यांचा परस्परसंबंध बिघडतो ती खरी घातक असते. 'ऑल्दो' आणि 'बट' एकाच वाक्यात घालणे, 'जरी-तरी'च्या सवयीमुळे आपल्या मुलांकडून हमखास होते. आणि 'दॅट इज व्हाय' म्हणून पुढे परिणामाऐवजी कारण लिहिले, तर युक्तिवादच उलटा होतो. तपासायला पाच मिनिटे उरली असतील तर ती उपपदांवर घालवू नयेत, जोडशब्दांवर घालवावीत.

साचा पाठ करण्याच्या सल्ल्याबाबत मी थोडा सौम्य आहे. अगदी सुरुवातीच्या महिन्यात पाच परिच्छेदांची चौकट आधार देते, हे मान्य करतो. पण आयईएलटीएसच्या लेखनातील दुसऱ्या, म्हणजे निबंधाच्या, प्रश्नासाठी 40 मिनिटे आणि किमान 250 शब्द असतात, आणि त्यात पाठ केलेली वाक्ये विषयाला चिकटत नाहीत. परीक्षक ती ओळखतात आणि त्यांचे श्रेय देत नाहीत. हल्ली साचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून मागवला जातो, त्याने तर आणखी एक गुंता झाला आहे. यंत्राने लिहिलेले लेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या 7 साधनांची स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये तपासणी केली, तेव्हा परभाषक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतील 91 निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्राचे म्हणून ठरवले. मर्यादित शब्दांत, ठरीव वळणाने लिहिलेले लेखन त्यांना यंत्राचे वाटते. परभाषकावर हा अन्याय आहे आणि तो संस्थांनी दूर करायला हवा. तोवर साच्यातली वाक्ये आपल्या मुलांच्या बाजूने काही करत नाहीत, एवढे नक्की.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील 250 गुणांची निबंधाची प्रश्नपत्रिका मराठीत लिहिता येते. हा मजकूर वाचून केवळ भीतीपोटी इंग्रजी निवडणारी मुले मला भेटली आहेत. इंग्रजीत लिहायचे असेल तर ते गरज म्हणून किंवा आवड म्हणून लिहावे.

साच्याऐवजी मी मुलांना जे करायला लावतो ते थोडके आहे. लेखणी इंग्रजीला लागण्याआधी पहिली सात-आठ मिनिटे कोऱ्या कागदावर मराठीत चार गोष्टी टिपायच्या. माझे म्हणणे काय, ते मला कशावरून कळले, त्यावरून हे का ठरते, आणि समोरचा शहाणा माणूस यावर काय म्हणेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून द्यायचे, मग ती गोष्ट जिनिंगमधली असो, भुसावळच्या फलाटावरची असो की नाल्याकाठच्या बागेतली असो. तिसऱ्या प्रश्नाशी मुले सर्वांत जास्त वेळ अडतात आणि मी त्यांना तेथेच अडू देतो. चौथ्याचे उत्तर बाकावरच्या शेजाऱ्याला विचारून लिहायचे, त्याने अहिराणीत दिले तरी चालते. यानंतर कागद उलटा ठेवायचा आणि पहिले इंग्रजी वाक्य लिहायचे, ज्यात कर्ता आणि क्रियापद शेजारी असेल आणि आपले म्हणणे पूर्ण आलेले असेल.